कोठीतल्या बंद खोल्या

‘जुन्या आवृत्तीतील वापरकर्त्यांच्या परवानग्या नव्या स्वरूपात राहणार नाहीत. पुढे जायचे?’

पडद्यावर चौकट उघडली आणि वैजयंती हारगेंचा चहाचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. चौकटीखाली दोन बटणं होती, हो आणि नाही. त्यांच्या लेकीनं, केतकीनं, मजकूर पुरता वाचलासुद्धा नाही. ‘हो’ दाबून ती मोकळी झाली.

“अगं, विचारलं तरी असतंस!”

“आई, ही नक्कल आहे. मूळ फाइलला मी हात लावलेला नाही. आणि ही चौकट सगळ्यांनाच येते. गेल्या महिन्यात चाळीस संस्थांच्या फाइली नव्या करून दिल्या मी. कोणी चहा प्यायचं थांबलं नाही.”

वैजयंतीबाईंनी कप खाली ठेवला. त्यांचं वय अठ्ठावन्न. त्यातली चोवीस वर्षं त्या मिरजेतल्या ‘पाठराखण’ या संस्थेच्या नोंदी सांभाळत आल्या होत्या. दुसऱ्या जातीत, दुसऱ्या धर्मात लग्न केलं म्हणून ज्यांच्या जिवावर घरचेच उठलेत, अशा जोडप्यांना संस्था लपवून ठेवायची. कोर्टाचं काम, पोलीस संरक्षण, नोकरी, सगळं मार्गी लागेपर्यंत. आजवर दोनशे छत्तीस जोडपी अशी सुखरूप मार्गी लागली होती. दोनशे सदतिसावं सध्या लपलेलं होतं. मयुरी आणि संदेश.

हे सगळं ज्या सॉफ्टवेअरमध्ये होतं त्याचं नाव कोठी. टेबलावरच्या संगणकात बसणारं, आता म्हातारं झालेलं. त्याची नवी आवृत्ती आली होती आणि जुनी मार्चअखेर बंद पडणार होती. शिवाय संस्थांना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्याचं पत्र होतं, की मान्यताप्राप्त संस्थांनी आपल्या नोंदी नव्या कोठीत आणून सगळ्यांच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या ‘एकात्म प्रणाली’ला जोडाव्यात. केतकी हे काम करणाऱ्या कंपनीत होती. आईच्या संस्थेचं काम दुसऱ्या कोणी करू नये म्हणून तिनं ते मागून घेतलं होतं.

“परवानग्या राहणार नाहीत म्हणजे काय, ते आधी सांग,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

“म्हणजे तुझ्या त्या खोल्या गेल्या.”

खोल्या हा वैजयंतीबाईंचाच शब्द. जुन्या कोठीत प्रत्येक माणसाला वेगळं नाव आणि वेगळा परवलीचा शब्द असायचा, आणि कोणी कुठला तक्ता पाहायचा हे एका स्वतंत्र फाइलीत लिहिलेलं असायचं. स्वयंपाक बघणाऱ्या गोदाक्काला दिसायचं, की उद्या माणसं किती आणि कोणाला काय चालत नाही. डॉक्टरांना नंबर आणि आजार, नाव नाही. वकील शिरगुप्पेबाईंना नाव आणि तारीख, ठिकाण नाही. गाडी चालवणाऱ्या नाईकवडींना कुठून कुठे जायचं तेवढं. विश्वस्तांना वर्षाचे एकूण आकडे. घर एकच, पण ज्याला ज्या खोलीत काम त्याच खोलीची किल्ली त्याच्याकडे. सगळ्या किल्ल्या फक्त वैजयंतीबाईंच्या कमरेला.

“नव्यात घराला एकच कुलूप आहे,” केतकी म्हणाली. “पण असलं कुलूप, की जगातले सगळे संगणक शंभर वर्षं लावले तरी उघडायचं नाही. आणि खरं सांगू का? तुझ्या त्या खोल्यांची दारं पत्र्याची होती. कॉलेजातला मुलगासुद्धा वीस मिनिटांत उघडेल. म्हणून तर कंपनीनं काढून टाकली.”

“बाहेरचा चोर ना?”

“हो, मग?”

“आमच्याकडे येणाऱ्या पोरींना बाहेरच्या चोरांची भीती नसते, केतकी. बाप, भाऊ, मामा यांची असते. आतल्यांची. गोदाक्कानं काय उघडायचं नाही, विश्वस्तांनी काय बघायचं नाही, त्यासाठी पत्र्याचं दारही पुरतं. दार आहे म्हटल्यावर माणूस ढकलत नाही. दारच नसेल तर सहज जाता जाता नजर पडते.”

केतकीनं मान हलवली. तिला आईचं म्हणणं पटत नव्हतं असं नाही. पण पटलं तरी बटण तेच होतं. “बरं, असं करू. पत्त्यांचा तक्ताच मी काढून टाकते. पत्ता आतमध्ये नसेल तर कोणी काय बघणार?”

तिनं तक्ता निवडला आणि पुसला. सकाळचे साडेदहा वाजत होते. मग पत्ता आणखी कुठे राहिलेला नाही ना, हे बाकीचे तक्ते चाळून बघण्यात तिचा अर्धा तास गेला.

“आता जाणकारला विचार काहीही,” ती म्हणाली.

जाणकार हे नव्या कोठीचं खरं आकर्षण. जुन्यात तक्ते उघडावे लागत, चाळणी लावावी लागत असे. नव्यात साध्या मराठीत प्रश्न बोलायचा, की जाणकार आतले सगळे तक्ते एका दमात वाचून, एकमेकांशी ताडून उत्तर देई. खोल्या काढून टाकण्याचं दुसरं कारणही तेच होतं. त्याला अर्धंच घर दाखवलं तर उत्तर अर्धवट येई, आणि लोक कंपनीच्या नावानं ओरडत.

वैजयंतीबाईंनी गोदाक्काच्या नावानं आत प्रवेश केला आणि घसा खाकरून विचारलं, “उद्या जेवायला किती?”

“उद्या, गुरुवारच्या गाडीतून जाणारे डबे धरून, अकरा जण,” जाणकार गोड आवाजात म्हणाला. “नंबर दोनशे सदतीसमधील मयुरी यांना थायरॉइडची गोळी सुरू असल्याने कोबी टाळावा. त्यांची न्यायालयीन तारीख चौदाला असल्याने त्या दिवशी डबा लागेल.”

केतकीचा चेहरा जरा उतरला. गोदाक्काला मयुरी हे नाव आजवर ठाऊकच नव्हतं.

“दोनशे सदतीस नंबर राहतो कुठे?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

“पत्ता नोंदीत नाही,” जाणकार म्हणाला. केतकीनं सुस्कारा सोडला. “मात्र अंदाज देता येईल. संस्थेची गाडी दर गुरुवारी एकेचाळीस किलोमीटर जाऊन परत येते. थायरॉइडची गोळी कवठेमहांकाळच्या दुकानातून घेतली जाते. संदेश यांच्या हातावरील पुरळ गंधकाच्या धुरामुळे असल्याची वैद्यकीय नोंद आहे. हा धूर बेदाण्याला देतात आणि सध्या त्याचा हंगाम आहे. त्या परिसरात ओढ्याच्या पलीकडे, मजुरांच्या खोल्या असलेले बेदाणा शेड एकच आहे. शक्यता त्र्याण्णव टक्के.”

केतकीनं उत्तर पुन्हा एकदा वाचलं.

चारी गोष्टी खऱ्या होत्या. चार माणसांनी चार खोल्यांत आपापलं काम चोख करून लिहिलेल्या. डॉक्टरांनी पुरळ लिहिलं होतं, नाईकवडींनी किलोमीटर लिहिले होते. एकट्यानं वाचलं तर त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. पत्ता कोणीच लिहिला नव्हता, पण चारी भिंती पडल्याबरोबर तो आपोआप तयार झाला होता.

“पुसून टाक हे,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “आत्ताच्या आत्ता.”

“पुसते. नक्कलच तर आहे. आपल्या दोघींशिवाय...” केतकी बोलता बोलता थांबली. पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसा आकडा होता. ‘या कोठीत सध्या ३ जण.’

“तिसरं कोण?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

केतकीची बोटं भराभर चालू लागली. जुन्या कोठीत चौदा वापरकर्त्यांची नावं होती. नव्या कोठीनं, कोणी सांगितलं नसताना, तयार होताच त्या चौदाही जणांच्या फोनवर निमंत्रण पाठवलं होतं. ‘तुमची कोठी आता नव्या रूपात. काहीही विचारा.’ बहुतेकांनी ते बघितलंही नव्हतं. एकानं बघितलं होतं. त्याचा प्रश्न नोंदवहीत शब्दशः उमटला होता.

दहा बेचाळीस. विश्वस्त, आप्पासाहेब. ‘आमच्या शिवाजीरावांची मयुरी कुठं आहे?’

खाली उत्तर होतं. ओढा, शेड, त्र्याण्णव टक्के.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

वैजयंतीबाईंनी आप्पासाहेबांना फोन लावला. दूध संघाचे माजी अध्यक्ष, संस्थेला मान मिळवून देणारे वजनदार विश्वस्त. त्यांनी लगेच उचलला.

“कुणाला सांगितलंत, आप्पासाहेब?”

“बाई, शिवाजीराव माझा वर्गमित्र. सहा महिने माझ्या दारात येऊन रडतोय. म्हटलं, एकदा बाप-लेकीची भेट घडवू. नुसती भेट. तुम्ही उगाच घाबरू नका.”

“किती वाजता सांगितलंत?”

“अकराच्या आधी. तो निघालासुद्धा.”

वैजयंतीबाईंनी फोन ठेवला. शिवाजीरावांच्या गावाहून त्या शेडला दीड तास. मिरजेहून पाऊण. शेडवर फोन करावा तर नियमच असा, की जोडप्याकडे फोन ठेवायचा नाही, आणि शेडच्या मालकाचा लागत नव्हता. संस्थेचे संचालक फारूक जमादार आत येऊन परिस्थिती ऐकून पोलिसांना फोन लावू लागले. नाईकवडींनी गाडी जिन्याशी आणली होती.

“मी येते,” केतकी म्हणाली.

“तू कशाला?”

“बटण मी दाबलंय.”

रस्त्यावर दोन्ही बाजूंना द्राक्षबागा मागे पळत होत्या. केतकी मागच्या सीटवर लॅपटॉप उघडून नक्कल मुळासकट खणून काढत होती. चौदा फोनांवरून, कंपनीच्या साठ्यातून, जिथे जिथे तिची सावली पडली होती तिथून. शेवटची ओळ पुसून तिनं लॅपटॉप मिटला.

“मी चाळीस संस्थांचं केलं, आई,” ती म्हणाली. “त्यात एक दत्तक केंद्र होतं. एक एचआयव्हीच्या बायकांचा गट होता.”

समजूत घालायची ही वेळ नव्हती आणि घालावी असं वैजयंतीबाईंना वाटतही नव्हतं.

बारा वाजून पाच मिनिटांनी गाडी शेडसमोर थांबली. आत लोखंडी मांडण्यांवर द्राक्षं सुकत होती, गंधकाच्या धुराचा वास घशाला लागत होता. ओळीनं बसलेल्या बायका हिरवा बेदाणा एकीकडे आणि पिवळा एकीकडे निवडत होत्या. त्यांच्यात मयुरी बसली होती, डोक्यावर टॉवेल घेतलेली. वैजयंतीबाईंना बघताच ती उठली. काय झालं हे तिनं विचारलं नाही. अशा वेळी बाई स्वतः आल्या म्हणजे काय, हे तिला समजत होतं.

“संदेशला बोलव. पिशवी घेऊ नकोस.”

“दोन मिनिटं, माझी कागदपत्रं...”

“कागद परत काढता येतात. चल.”

बायकांपैकी एक थोराड बाई उठली. “कोन येनार हाय का हिला न्यायाला?” तिनं विचारलं. वैजयंतीबाईंनी मान डोलावली. “मग जावा तुमी बिनघोर. आमी काय कुनाला वळकत नाय. आनि शेडाची वाटबी सरळ सांगत नाय.”

गाडी ओढा ओलांडून वर चढली तेव्हा समोरून दोन जीपा आल्या. रस्ता अरुंद. नाईकवडींनी सभ्यपणे गाडी बाजूला घेऊन त्यांना वाट दिली. मयुरी आणि संदेश सीटांच्या मधे बेदाण्याच्या रिकाम्या पोत्यांखाली होते. पहिल्या जीपमध्ये पुढे एक साठीचा माणूस बसला होता, पांढरा सदरा, थकलेला चेहरा. कोणाचाही बाप असावा असा. मागच्या जीपमध्ये सहा जण होते आणि त्यांच्या पायाशी काय आहे हे झाकायची त्यांनी तसदी घेतली नव्हती.

जीपा गेल्या. पोत्याखालून मयुरीचा आवाज आला. “पुढच्या गाडीत बाबा होते का?”

“होते,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

“गोळ्या घेतात का नीट, कोणास ठाऊक,” ती म्हणाली.

हमरस्ता लागल्यावर नाईकवडींनी आरशातून पाहिलं. “बाई, आता कुठं न्यायचं?”

वैजयंतीबाईंच्या डोक्यात तीन ठिकाणं तयार होती. त्या सांगणार इतक्यात केतकीनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

“आई, थांब. तू बोलू नकोस.”

“का?”

“आप्पासाहेबांना एका प्रश्नात मिळालं, कारण सगळं एका जागी होतं. जुन्या कोठीतसुद्धा एक जागा आहेच की तशी. तू.” तिचा आवाज दुखावणारा नव्हता, पण माघार घेणाराही नव्हता. “चोवीस वर्षं सगळ्या किल्ल्या तुझ्याकडे. उद्या कोणी मला धरून तुझ्यासमोर उभं केलं आणि विचारलं, तर सांगणार नाहीस तू?”

वैजयंतीबाईंनी लेकीकडे बघितलं. खरं उत्तर दोघींनाही माहीत होतं.

त्यांना राग आला. आधी लेकीचा, मग स्वतःचा. सगळं आपल्याला ठाऊक आहे, या गोष्टीचा त्यांना केवढा अभिमान होता! कुठल्या जोडप्याला मूल झालं, कोण चिपळूणला बेकरी चालवतं, कोणाचं भांडण झालं नि मिटलं. रात्री झोपताना त्या ती नावं मनात फिरवत. तीच त्यांची कमाई होती. आणि तीच भिंत पोकळ होती.

“नाईकवडी,” त्या म्हणाल्या, “फाट्यावर आम्हा दोघींना उतरवा. पुढं कुठं न्यायचं ते तुम्ही आणि शिरगुप्पेबाई बघा. मला सांगायचं नाही. मी विचारलं तरी सांगायचं नाही.”

नाईकवडींनी वळून पाहिलं. “खरंच म्हनताय?”

“खरंच.”

फाट्यावर उतरताना मयुरीनं पोतं बाजूला सारून त्यांचा हात घट्ट धरला. गाडी निघून गेली. ती कोणत्या दिशेला वळते ते दिसू नये म्हणून वैजयंतीबाई रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पासाहेब कार्यालयात आले. त्यांचे डोळे लाल होते. पोलीस पोचायच्या आत शेडवर गेलेल्या पोरांनी मालकाला मारहाण केली होती, आणि शिवाजीराव मधे पडले तर त्यांनाही ढकललं होतं.

“मला फसवलं त्यांनी,” ते म्हणाले. “मी भल्यासाठीच केलं, बाई.”

“मला ठाऊक आहे,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “म्हणूनच तुमचा राजीनामा हवा. वाईट माणसाला आम्ही पहिल्या दिवशीच ओळखून बाहेर ठेवतो. भल्या माणसाला ठेवता येत नाही.”

“पंधरा वर्षं मी या संस्थेसाठी...”

“हो. त्या पंधरा वर्षांत तुम्हाला विचारायला जागाच नव्हती, म्हणून तुम्ही विचारलं नाहीत. इथं सही करा.”

आप्पासाहेबांनी सही केली.

त्यानंतरचे दहा दिवस मायलेकी कार्यालयातच होत्या. केतकीनं कंपनीला अहवाल पाठवला. ‘या संस्थेच्या नोंदी नव्या स्वरूपात नेऊ नयेत, नेल्यास माणसे मरतील.’ कंपनीनं दुसरं वाक्य काढायला सांगितलं. तिनं काढलं नाही. त्याच आठवड्यात तिला कामावरून कमी केलं. त्याआधी तिनं चाळीसही संस्थांना स्वतःच्या नावानं पत्रं धाडली, त्यांच्या कोठीला काय विचारून पाहावं याच्या सूचनांसकट. दत्तक केंद्राच्या बाईंचा दुसऱ्याच दिवशी फोन आला. त्या बोलत कमी आणि रडत जास्त होत्या.

मग दोघींनी जुनी कोठी फोडली.

जुन्या आवृत्तीतली दारं मार्चनंतर बंद पडणार होती, म्हणून केतकीनं खोल्याच घरापासून तोडल्या. सहा लहान फाइली केल्या, सहा स्वस्त संगणकांवर, एकाचीही तार दुसऱ्याला न जोडलेली, इंटरनेट नसलेली. जोडप्याचा नंबरही प्रत्येक फाइलीत वेगळा, म्हणजे दोन फाइली शेजारी ठेवल्या तरी जुळू नयेत. एक वकीलबाईंकडे, एक डॉक्टरांकडे, एक गोदाक्काच्या स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांच्या फळीवर. नाईकवडींनी संगणक नकोच म्हणून सांगितलं. ते किलोमीटर पाटीवर लिहीत आणि गुरुवारी पुसत.

“आणि आता ही,” केतकी म्हणाली.

मूळ फाइल. दोनशे सदतीस जोडप्यांची, सगळ्या खोल्या एका घरात असलेली. पुसून टाकण्याच्या बटणावर वैजयंतीबाईंनी बोट ठेवलं आणि तसंच राहू दिलं.

“एकदा शेवटचं वाचू का?”

“तू वाचलंस की ते तुझ्यात राहणार, आई.”

वैजयंतीबाईंनी डोळे मिटून बटण दाबलं. पडदा रिकामा झाला. त्या नंतर बेसिनपाशी जाऊन बराच वेळ तोंड धूत होत्या.

एप्रिलमध्ये खात्याकडून सुनावणीची नोटीस आली. उपसंचालक चाळिशीचे, नेटके, कोणाशीही वाईट न वागणारे गृहस्थ होते. समोर वैजयंतीबाई, जमादार सर, वकील शिरगुप्पेबाई, डॉक्टर, आणि इस्त्रीचं लुगडं नेसून आलेली गोदाक्का.

“जोडणी न केलेली तुमची एकच संस्था उरली आहे,” उपसंचालक म्हणाले. “प्रणाली सुरक्षित आहे. जगातलं सर्वोत्तम कुलूप आहे.”

“कुलपाबद्दल तक्रारच नाही, साहेब. आत गेल्यावर काय, ते बोला.”

“आत फक्त अधिकृत माणसं.”

“आमच्या जोडप्यांचे बापही त्यांच्या घरात अधिकृतच असतात.”

उपसंचालकांनी चष्मा काढून पुसला. “सरकारपासून लपवाछपवी चालणार नाही. संपूर्ण नोंद कोणाकडे आहे?”

“माझ्याकडं जेवनारी मानसं हाईत,” गोदाक्का म्हणाली. “किती ते सांगते. कोन ते मला म्हाईत न्हाई.”

डॉक्टरांनी आजार सांगितले, वकीलबाईंनी तारखा. उपसंचालकांची मान एकाकडून दुसऱ्याकडे फिरत वैजयंतीबाईंवर येऊन थांबली.

“म्हणजे सगळं मिळून तुमच्याकडे.”

“नाही. माझ्याकडे काहीच नाही. होतं, मी पुसलं.”

“तुम्ही नोंदी नष्ट केल्यात?”

“एकत्र असलेली प्रत नष्ट केली. कामापुरतं ज्याचं त्याच्याकडे शाबूत आहे. तुम्हाला दर महिन्याला कागदावर मिळेल, की किती आले, किती गेले आणि किती जिवंत आहेत. याच्यापलीकडे तुम्हाला काय हवंय, आणि कशासाठी, ते मला लेखी द्या. मग कोर्टात भेटू.”

“बाई, मान्यता काढून घेऊ शकतो मी.”

“काढा. मान्यता नव्हती तेव्हाही लोक येत होते. आम्ही दार बंद करणार नाही आणि जोडणीही करणार नाही.”

उपसंचालकांनी बराच वेळ फाइलीवर पेन टेकवून ठेवलं. मग आवाज खाली आणून विचारलं, “खरंच तुम्हाला माहीत नाही, शेडवरून हलवलेली ती मुलगी कुठे आहे?”

“नाही.”

“जाणून घ्यावंसं वाटत नाही?”

“रोज वाटतं,” वैजयंतीबाई म्हणाल्या.

उपसंचालकांनी मान्यता काढली नाही, पण सोडलंही नाही. नियमात एक शिक्षा होती ती लावली. महिनाभरात दोन शिपाई आले आणि कार्यालयाच्या जिन्याखाली, रस्त्यावरून दिसेल असा, लाल अक्षरांचा पत्रा ठोकून गेले. ‘सावधान. या संस्थेच्या नोंदी एकात्म प्रणालीशी जोडलेल्या नाहीत.’

जमादार सरांना तो पत्रा डोळ्यांत खुपायचा. विश्वस्तांनी त्यावर वेल चढवायची सूचना केली. मग उन्हाळा संपायच्या आत एक जोडपं आलं, सोलापूरकडचं. मग आणखी एक, थेट विदर्भातून. मुलगी जिन्यातच सांगू लागली, “जोडलेल्या तीन संस्थांच्या दारातून आम्ही परत फिरलो. खालचा पत्रा वाचला आणि वर आलो.” त्या वर्षी एकोणीस जोडपी आली, इतकी एका वर्षात कधीच आली नव्हती. केतकी आता इतर संस्थांच्या कोठ्या फोडून द्यायचं काम करत होती, आणि त्यांतल्या सात संस्थांच्या दारावर तसाच पत्रा लागला होता.

दोन पावसाळ्यांनी लाल रंग विटला. ‘सावधान’ कसंबसं वाचता येई, पुढचं पुसट झालं होतं. खात्याला आता त्याची आठवणही राहिली नव्हती. एका सकाळी वैजयंतीबाई रंगाऱ्याला घेऊन आल्या आणि जिन्याखाली उभ्या राहिल्या.

“काढून टाकू का पत्रा, बाई?” त्यानं विचारलं. “गंजलाय.”

“गंज घास,” त्या म्हणाल्या. “आणि अक्षरं मोठी काढ. समोरच्या बसथांब्यावरून वाचता आली पाहिजेत.”